धुरीची पेटी

एकशे बारा आणि एकशे तेरा ही दोन पानं एकमेकांना चिकटली होती. पद्मजानं लाकडी पट्टी मधे सरकवून ती हलकेच सोडवली, तसा कागदाचा पापुद्रा निघून आला आणि त्याखाली हिरवट, वाळून कडक झालेलं काहीतरी दिसलं. पट्टी तिच्या हातातून टेबलावर पडली.

"कृष्णात, इकडं या जरा."

वाचनालयाचा शिपाई कृष्णात पुस्तकांची चळत हनुवटीखाली दाबून चालला होता. तो तसाच वाकला.

"शेंबूड हाय की," तो म्हणाला. "त्यात काय बघायचं? पोरं असत्यात घरात."

"कुणाकडून आलंय हे?"

"कार्याध्यक्षसायबांच्या घरनं. वहिनीसायेब लई वाचत्यात."

पद्मजा उठली, मागच्या नळावर गेली आणि पर्समधल्या साबणाच्या डबीतली लाल वडी काढून तिनं कोपरापर्यंत हात धुतले. दिवसातली ही चौथी वेळ. कृष्णात तिला 'सोवळ्याच्या बाई' म्हणायचा, हे तिच्या कानावर आलं होतं.

ग्रंथालयशास्त्राच्या वर्गातल्या अकराजणांना प्रात्यक्षिकासाठी गावातली वेगवेगळी वाचनालयं वाटून दिली होती. पद्मजाच्या वाट्याला लोकहित वाचनालय आलं. साठ दिवसांची हजेरी, शेवटी एक प्रकल्प-अहवाल आणि त्यावर तिथल्या ग्रंथपालाची सही. सही नसेल तर वर्ष गेलं. वर्गात सगळं कसं नीटनेटकं वाटायचं: ज्ञानाचे दहा भाग, त्या प्रत्येकाचे पुन्हा दहा, दशांशचिन्हापुढं हवं तितकं लांब जावं. पण इथं पुस्तकं उघडली की ज्ञानाआधी दुसरंच काहीतरी हाताला लागायचं. पहिल्याच महिन्यात तिला पानांमधून कापलेली नखं मिळाली, तेलकट केस मिळाले, रश्श्याचे तांबडे थेंब आणि त्यांच्याभोवती पसरलेली तेलाची कडी मिळाली, चिरडलेला ढेकूण मिळाला. रविवारी जोतिबाला जाऊन आलेल्या घरातली पुस्तकं सोमवारी गुलाल सांडत यायची. वाचनकक्षातले म्हातारे अंगठा जिभेला लावून वर्तमानपत्र उलटायचे, आणि तेच वर्तमानपत्र पुढच्या म्हाताऱ्याच्या हातात जायचं, त्याचाही अंगठा जिभेला लागायचा. पद्मजा मान फिरवायची.

किळस तिला लहानपणापासून होतीच, पण एवढी नव्हती. बंडू झाल्यावर ती वाढली. पाच महिन्यांचा असताना त्याला न्यूमोनिया झाला, तेव्हा सतरा दिवस सासू आणि सून आळीपाळीनं त्याच्या छातीवर कान ठेवून बसल्या होत्या. नवरा कबनूरला मागाच्या कारखान्यात, घरी यायचा शनिवारी. आता बंडू चौदा महिन्यांचा होता आणि आई घरी आली की आधी तिचा हात धरून बोटं तोंडात घालायचा. ती बोटं दिवसभर कुठं कुठं लागली, याचा विचार पद्मजाच्या मनातून जात नसे.

धुरीची पेटी तिला त्या विचारातून सुचली.

वर्गात पुस्तकांच्या जतनावर एक व्याख्यान झालं होतं. बंद पेटीत खाली विजेचा दिवा, त्यावर बशीत थायमॉलचे, म्हणजे ओव्याच्या अर्काचे, खडे आणि वर फळ्यांच्या चौकटीवर अर्धवट उघडून उभी केलेली पुस्तकं. दिव्याच्या ऊबेनं खडे वितळतात, वाफ पानापानांत शिरते. तीन दिवसांत बुरशी मरते, कीड मरते. तिनं देवदारी खोका मिळवला, आतून पत्रा मारून घेतला, चाळीसचा दिवा बसवला. पहिल्या दिवशी पेटी उघडली, तसा सगळ्या खोलीत ओव्याचा वास सुटला. तो घरी जाईपर्यंत पातळाला राहिला.

"कुणा बाळंतिणीकडं गेलतीस व्हय?" आक्कानं दारातच विचारलं. सासूला सगळं घर आक्काच म्हणायचं.

"नाही हो. पुस्तकांना धुरी दिली."

"आता गं बाई! पुस्तकं न्हाली, धुरी झाली. तीट लावलीस का न्हाय?"

दोघी हसल्या. त्या दिवशी बंडूनं तिची बोटं तोंडात घातली, तेव्हा तिनं ती काढून घेतली नाहीत.

ग्रंथपाल नृसिंहराव तर खूष झाले. या कळकट जगात पद्मजाला तेवढा एक माणूस स्वच्छ वाटायचा. कडक इस्त्रीचा सदरा, कानात अत्तराचा फाया, नखं निगुतीनं कापलेली. बावीस वर्षांत त्यांनी एक पुस्तक हरवू दिलं नव्हतं.

"शास्त्रशुद्ध काम आहे बाई," ते पेटीभोवती फिरत म्हणाले. "पण सगळीच पुस्तकं कशी मावणार यात?"

त्याचाही विचार तिनं केला होता. ज्या घरात सांसर्गिक आजार असेल, त्या घराच्या वाचक-तिकिटावर कोपऱ्यात एक ठिपका द्यायचा. त्या तिकिटावरचं पुस्तक परत आलं की आधी पेटीत. आजार बरा झाला की ठिपका खोडायचा.

"आणि आजार आहे हे कळणार कसं?"

"वाचकांना विचारायचं, सर."

नृसिंहराव हसले. "खरं कोण सांगेल? ते तुम्ही माझ्यावर सोडा. या गावातली घरं मी ओळखतो."

एक काम कमी झालं म्हणून तिला बरंच वाटलं. तिनं शिसपेन्सिल पुढं केली, पण त्यांनी आपल्या खिशातली कॉपिंग पेन्सिल काढली, तिचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि पहिल्या तिकिटावर ठिपका उमटवला. तो लगेच जांभळा झाला.

"साधी पुसून जाते हो," ते म्हणाले. त्यांच्या जिभेच्या शेंड्यावर तसाच जांभळा ठिपका होता. पद्मजानं नजर खाली वळवली.

त्यानंतरचे तीन आठवडे ती तालिकेची, म्हणजे पुस्तकांच्या यादीची, पत्रं लिहिण्यात बुडून गेली. देवघेवीच्या टेबलावर काय चाललंय याकडं तिचं लक्ष गेलं, ते नजीरामुळं.

नजीरा अकरावीत होती. वाचनालयाची पुस्तकं बांधणारे दिलदार शिकलगार यांची ती नात. दर मंगळवारी दिलदारचाचा फाटकी पुस्तकं गोणपाटात घालून न्यायचे आणि गेल्या वेळची शिवून आणायचे. त्यांच्या अंगाला मैद्याच्या खळीचा आंबूस वास यायचा, सुईत ओवण्याआधी दोरा ते तोंडात धरून ओला करायचे. पद्मजा त्यांच्याकडून पुस्तकं घेताना कडेला धरून घ्यायची.

"बीजगणिताचं ते पुस्तक आलं का?" नजीरानं विचारलं.

"पेटीत हाय," कृष्णात म्हणाला.

"मागल्या आठवड्यातबी पेटीतच होतं."

"मग? आढीला घातलंय. पिकलं की देतो."

वर्तमानपत्रामागून दोघं-तिघं खुसखुसले. नजीरा हसली नाही. तिनं परत करायला आणलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं. त्याला तिनं रद्दीच्या कागदाचं कव्हर घातलं होतं, कोपरे नीट दुमडलेले. पद्मजानं ते उघडून बघितलं. सगळी पानं स्वच्छ. पेन्सिलीची एक रेघसुद्धा नव्हती.

मुलगी बाहेर पडली, तशी पद्मजा पेटीशी गेली. बीजगणिताचं पुस्तक पेटीत नव्हतंच. ते आत, गणिताच्या कपाटात, आपल्या जागी उभं होतं.

"कृष्णात, त्या मुलीला खोटं का सांगितलंत?"

"मी कशाला खोटं सांगू? ग्रंथपाल आण्णांनी सांगितलंय तसं करतोय." त्यानं किल्ल्यांचा जुडगा काढला आणि मागच्या दाराजवळचं, मोरीला लागून असलेलं जुनं कपाट उघडलं. आत पाठी निघालेल्या, पिवळ्या पडलेल्या पुस्तकांचे गठ्ठे होते. "ठिपकेवाल्यांस्नी ह्यातलंच द्यायचं. सगळ्यांची पुस्तकं पेटीत घालाय बसलो तर पेटी पुरंल का बाई? त्यापरीस त्यांचं कपाटच वायलं केलं."

पद्मजानं तिकिटांचे चारही ट्रे आपल्या टेबलावर घेतले. एकेक तिकीट मागं ढकलत ती जांभळे ठिपके वेगळे काढू लागली. रशीद बागवान. फातिमा जमादार. सयाजी कांबळे. सुगरा मुल्ला. तानाबाई कांबळे. नजीरा शिकलगार. एकंदर त्रेसष्ट तिकिटं निघाली आणि पत्ते तीनच गल्ल्यांचे होते. कार्याध्यक्षांच्या घरचं तिकीट तिनं मुद्दाम बघितलं. ते कोरं होतं.

तिला किळस आली. शेंबडाच्या पानापाशी आली होती त्याहून खोलातून. नळावर जावंसं वाटलं, पण धुवायचं काय हे कळेना. ती तशीच नृसिंहरावांच्या खोलीत गेली.

"सर, यांच्यापैकी आजारी कोण आहे?"

नृसिंहरावांनी गठ्ठा बघितला. ते मुळीच गोंधळले नाहीत.

"बसा. चहा सांगू?"

"कोण आजारी आहे, सर?"

"आज नसेल. उद्या असेल. वस्ती बघितलीय का तुम्ही? पाण्याची काय व्यवस्था, गटारांची काय... तुम्हीच तर सांगितलंत, रोग पानांतून येतो म्हणून."

"मी आजाराबद्दल सांगितलं होतं. गल्लीबद्दल नाही."

"असं बघा." ते मायेनं बोलू लागले आणि ती माया अंगावर ओघळल्यासारखी तिला वाटली. "हे आधीही होतंच. आमची मंडळी कुरकुरायची, त्या हातातलं पुस्तक आम्हांला नको म्हणायची, मी इकडचं तिकडं करून निभावायचो. पण त्याला पद्धत नव्हती. ती तुम्ही दिलीत. आता कुणी विचारलं तर सांगता येतं, शास्त्र आहे म्हणून."

पद्मजानं तिकिटांचा गठ्ठा उचलून घेतला.

"साहाय्यक ग्रंथपालाची जागा जूनमध्ये भरायचीय," ते म्हणाले. "कार्यकारिणीपुढं मी तुमचंच नाव ठेवतोय. अहवाल तेवढा झोकात होऊ दे."

बाहेर येताना दारात दिलदारचाचा उभे होते. मंगळवार होता. गोणपाट खांद्यावरून उतरवत त्यांनी नेहमीसारखी मान लववली.

"चाचा," ती हळू म्हणाली, "तुमच्या घरी कुणी आजारी आहे?"

"न्हाय की. का वो बाई?" मग त्यांनी तिच्या हातातल्या गठ्ठ्याकडं बघितलं. "ठिपक्याचं म्हणताय व्हय? पोरीनं पहिल्याच दिशी बघितलंय ते."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"कुणाम्होरं बोलू?" ते गोणपाटाची गाठ सोडू लागले. "तीस वर्सं झाली. ह्या कपाटांतली निम्मी पुस्तकं माझ्या हातनं शिवल्याली हाईत. माझी खळ, माझा दोरा. त्यास्नी कवा धुरी देताय तेवढं सांगा, हमाल लावून आणतो पेटीपाशी."

पद्मजानं तिकिटांचा गठ्ठा पदराआड धरला.

"पेटी माझी आहे, चाचा."

त्यांनी एकदाच वर बघितलं. "चांगली हाय पेटी," ते म्हणाले. "कसर मरंल."

बीजगणिताचं पुस्तक तिनं त्याच दिवशी स्वतःच्या तिकिटावर घेतलं. उद्या जाताना दिलदारचाचांच्या दुकानात टाकायचं, नजीराच्या परीक्षेला पंधरा दिवस आहेत, तोवर तिनं ते वापरावं, कुणाला कळायचं कारण नाही. एवढं ठरवल्यावर तिला जरा हलकं वाटलं. घरी तिनं पुस्तक चाळून खाटेवर उघडंच ठेवलं आणि ती चूल पेटवायला गेली.

बंडूला दोन-तीन दिवस खोकला होताच. संध्याकाळी त्याला उबळ आली ती थांबेना. खोकता खोकता चेहरा लाल झाला, मग काळानिळा, आणि शेवटी श्वास आत ओढताना घशातून शिट्टीसारखा आवाज निघाला. आक्कानं त्याला उताणा होता तो पालथा केला. तोंडातून चिकट तार आली, ती खाटेवरच्या पुस्तकावर, उघड्या पानावर पडली. पद्मजानं पदरानं आधी बंडूचं तोंड पुसलं, मग पान पुसलं, मग त्याच पदरानं स्वतःचे डोळे पुसले. तिला किळस आली नाही. आली नाही, हे तिच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

"डांग्या खोकला," डॉक्टर म्हणाले. "लांबणार. जिवाला धोका नाही, पण दुसऱ्या मुलांत मिसळू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी पुस्तक पिशवीत घालून ती दिलदारचाचांच्या दुकानापर्यंत गेली. आत नजीरा जमिनीवर बसून आजोबांना पानांचे जुडगे लावून देत होती. पद्मजा पुढं झाली नाही. परीक्षा तोंडावर असलेल्या मुलीच्या हातात हे पुस्तक ठेवायचं? ती तशीच वळली आणि वाचनालयात आली.

नियम तिचाच होता. पुस्तक पेटीत घालायचं, स्वतःच्या तिकिटावर ठिपका द्यायचा. पण मग कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं की नृसिंहराव म्हणणार, मूल बरं होईपर्यंत येऊ नका. साठातले एकोणपन्नास दिवस भरले होते. अकरा राहिले होते. हजेरी मोडली की वर्ष गेलं, जूनमधली जागा गेली. आणि आक्का पुन्हा एक वर्ष पोर सांभाळील, याची खात्री नव्हती.

तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं. कृष्णातनं तिचं तिकीट काढलं, कोपरा बघितला. कोरा.

"वाचून झालं बी? बीजगणित?" तो म्हणाला आणि पुस्तक आतल्या, चांगल्या कपाटात ठेवायला घेऊन गेला.

पद्मजा बघत राहिली.

उरलेल्या दिवसांत तिनं एकच जादा काम केलं. ठिपकेवाला वाचक टेबलाशी आला की ती पुढं व्हायची आणि विचारायची, "घरी कुणी आजारी आहे का?" कुणी चमकून नाही म्हणायचं, कुणी चिडायचं. फातिमा जमादार म्हणाली, "तुमास्नी डाक्टर व्हायचंय का काय?" जे आठवडाभर फिरकले नाहीत, त्यांच्याकडं ती जाता-येता दारावर जाऊन आली. सयाजी कांबळेच्या वडिलांचा पाय मोडला होता. बाकी सगळे धडधाकट.

अहवाल तयारच होता. चाळीस पानं, सहा तक्ते. रविवारी दुपारी, उबळ ओसरून बंडूचा डोळा लागला तेव्हा तिनं सातव्या तक्त्याचं पान लिहिलं आणि टाचणीनं जोडलं. नृसिंहरावांनी दुसऱ्या दिवशी अहवाल हातात घेऊन तोलला, पहिलं पान वाचलं, 'अक्षर म्हणजे मोती' म्हणाले आणि शेवटच्या पानावर सही केली. मधलं काही त्यांनी उलटलं नाही. सही झाली तेव्हा आनंद व्हावा, तसं काही तिला झालं नाही.

परीक्षक बाहेरगावाहून आले होते. स्थूल, हसरे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. त्यांनी पेटी उघडायला लावली, नाक आत घालून हुंगलं.

"वा! ओवा!"

मग सगळे नृसिंहरावांच्या खोलीत बसले. खोलीचं दार वाचनकक्षात उघडायचं आणि ते सताड उघडंच असायचं. कृष्णातनं चहा आणला. परीक्षक बशीतून फुरका मारत अहवाल चाळू लागले.

"दिवा किती वॅटचा?"

"चाळीस, सर."

"अवधी?"

"तीन दिवस."

"आणि ही ठिपक्याची योजना. हे मात्र अपूर्व आहे हं, नृसिंहराव. पेट्या पुष्कळ बघितल्या, पण वाचकाची नोंद तिला जोडलेली कुठं बघितली नव्हती."

"बाईंची कल्पना," नृसिंहराव विनयानं म्हणाले. "आम्ही आपली अंमलात आणली."

"जिल्ह्यातल्या प्रत्येक वाचनालयात ही पद्धत पाहिजे. मी तशी शिफारसच लिहितो." त्यांनी अहवाल मिटला, त्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं पेनाचं टोपण काढलं.

सातव्या तक्त्यापर्यंत ते पोचलेच नव्हते. पद्मजानं मिटलेल्या कागदांकडं बघितलं. तक्ता आत होता. तिनं लिहिलं होतं, सही झाली होती, आपल्याकडून तिनं काही लपवलं नव्हतं. आता गप्प बसलं तरी चालण्यासारखं होतं. नेसरीला एक पेटी जाईल, कबनूरला एक जाईल. प्रत्येक पेटीमागं कुणीतरी कडक इस्त्रीतला माणूस पेन्सिल जिभेला लावील. प्रत्येक ठिकाणी ओव्याचा वास येईल.

"सर," ती म्हणाली, "सातवा तक्ता राहिला."

"हो का?" परीक्षकांनी पानं उलटली. "सुबक आखलाय. ठिपका असलेली तिकिटं, त्रेसष्ट. पैकी घरात सांसर्गिक आजार..." ते थांबले. "शून्य? उतरवताना काहीतरी चुकलंय बाई."

"चुकलेलं नाही, सर."

नृसिंहरावांची कपबशी वाजली. "बघू," ते म्हणाले आणि त्यांनी हात पुढं केला, पण परीक्षकांचं बोट खालच्या ओळीवर गेलं होतं.

"ठिपका नसलेलं, पण सांसर्गिक आजार असलेलं घर, एक. हे हो कोण?"

"मी, सर. माझ्या मुलाला डांग्या खोकला आहे. उबळ आली की मीच त्याला धरते. त्यानंतर अकरा दिवस मी रोज इथं आले. पुस्तकं हाताळली. हा अहवालही त्याच्या खाटेशी बसून लिहिलाय."

ओळीवरचं बोट उचललं गेलं. बोट उचललं, पण हात कुठं ठेवावा हे परीक्षकांना कळेना. तो तसाच कागदांच्या वर अधांतरी राहिला. थोड्या वेळानं त्यांनी तो टेबलाखाली नेला आणि खिशातून रुमाल काढला. ते एकेक बोट पुसत होते. खांद्याच्या हालचालीवरून ते कळत होतं.

"शी!" नृसिंहरावांच्या तोंडून निघून गेलं. त्यांनी खुर्ची मागं सरकवली. "लहान मुलं येतात इथं. सांगायचं तरी, बाई. चांगल्या घरच्या तुम्ही..."

पद्मजानं दोघांच्या चेहऱ्यांकडं नीट बघितलं. आकसलेल्या नाकपुड्या, किंचित मागं गेलेली मान, ओठांची ती घडी. आपल्याला शरम वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. हा चेहरा गेले दोन महिने ती स्वतःच घेऊन हिंडत होती, फक्त तो समोरून कसा दिसतो हे तिला ठाऊक नव्हतं.

"पान उलटलं की नावं आहेत, सर," ती म्हणाली. "त्रेसष्टच्या त्रेसष्ट. पत्त्यांसकट."

परीक्षकांचा हात टेबलाखालून वर आला नाही. तिनं थोडी वाट बघितली. मग खुर्चीवरून उठून तिनं अहवाल आपल्याकडं ओढून घेतला.

"तुम्ही हात लावू नका," ती म्हणाली. "मी वाचते."

आणि बाहेर वाचनकक्षात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तिनं पहिलं नाव वाचलं.